दवाखान्याच्या बाकाजवळची खेळणी: कशी निवडायची, कशी धुवायची

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मुलांच्या दवाखान्यात मी गेली अकरा वर्षं काउंटर सांभाळते. नंबर लावायचे, फायली काढायच्या, पैसे घ्यायचे. खेळण्यांची टोपली कुणी माझ्याकडे सोपवली नव्हती. ती एका खुळखुळ्यामुळे माझ्याकडे आली.

लाखेच्या लाकडी कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या संखेडा गावाहून कुणीतरी लाखेचा लाकडी खुळखुळा भेट म्हणून आणला होता. लाल-पिवळा, चकचकीत, हातात घेतला की खाली ठेववत नाही असा. संध्याकाळी मी तो बाकीच्या खेळण्यांसारखाच स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. बोळा गुलाबी झाला. अजून पुसला तर लाल. खुळखुळ्याची चमक उतरली आणि तो हाताला चिकट लागू लागला. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच दिवशी सकाळी एक आठ महिन्यांचं बाळ तो खुळखुळा चोखत आईच्या मांडीवर बसलेलं मी पाहिलं होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे: खेळणं आणण्याआधी ते धुणार कसं, हे ठरवायचं. घरी एकाच मुलाचं तोंड त्याला लागतं. इथे दिवसभरात पंधरा-वीस मुलांची तोंडं लागतात आणि त्यातली बरीचशी आजारी असतात.

काही दवाखान्यांनी कोविडच्या वेळी खेळणी उचलली ती परत ठेवलीच नाहीत. मला ते पटत नाही. आतून इंजेक्शनचं रडणं ऐकू येतंय, बाहेर पाऊण तास बसायचंय आणि हातात काही नाही, अशा मुलाची भीती मी रोज बघते. खेळणी हवीतच. फक्त थोडी हवीत आणि धुतलेली हवीत.

आधी काय आणायचं नाही

केसाळ अस्वलं, मऊ ससे, लोकरीच्या बाहुल्या दवाखान्यात नकोत. २००२ साली न्यूझीलंडमध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या खेळण्यांची तपासणी झाली होती. विष्ठेतून येऊ शकणारे कॉलिफॉर्म जंतू कठीण खेळण्यांपैकी फक्त साडेतेरा टक्क्यांवर सापडले, तेही थोडेच. मऊ खेळण्यांपैकी २० टक्क्यांवर मात्र ते मध्यम ते भरपूर होते, आणि मऊ खेळणी धुतल्यावर लवकरच पुन्हा खराब होत होती. कारण सरळ आहे. लाळ कापसात मुरते, ती वरून पुसून निघत नाही आणि आतला कापूस दोन दिवस वाळत नाही. आयांना हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण लोक प्रेमाने आणून देतात. "घरचं अस्वल बाळाबरोबर आणा आणि बरोबर घेऊन जा," असं मी सांगते. स्वतःच्या अस्वलाला कुणाची हरकत नाही.

दाबल्यावर चूं करणारी रबरी बदकंही नकोत. खात्री करायची असेल तर एक जुनं बदक ब्लेडने मधोमध कापून पाहा. मी कापलं होतं. बाहेरून पिवळंधमक, आत मात्र काळी बुरशी आणि बोटाला लागणारा बुळबुळीत थर. शिटीच्या भोकातून पाणी आत जातं, पण पूर्ण बाहेर कधीच येत नाही. मूल ते तोंडात धरून दाबतं, तेव्हा आतलं सगळं त्याच्या जिभेवर येतं.

फुगे, गोट्या, खेळायची कणीक, सुटे लोहचुंबक यांनाही मज्जाव. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंतीला मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. बटणासारखी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजते. म्हणून सेल लागणारी खेळणी मी सरळ नाकारते. ती बुडवून धुताही येत नाहीत, आणि तापाने कण्हणाऱ्या मुलाशेजारी गाणारा फोन वाजू नये असं मला मनापासून वाटतं.

मग काय आणायचं

एकसंध प्लॅस्टिकचे मोठे ठोकळे, एकात एक बसणाऱ्या वाट्या, दांडीवर चढवायच्या कड्या, पत्रा किंवा स्टिकर नसलेल्या जाड गाड्या. पुठ्ठ्याची पुस्तकं हवी असतील तर ओलं फडकं सोसणारी, लॅमिनेशनची. जागा असेल तर भिंतीवर घट्ट बसवलेली फिरत्या चक्रांची पाटी उत्तम, कारण ती जमिनीवर पडत नाही आणि पुसायला सोपी जाते. तारेवर सरकणारे मणी सगळ्यांना आवडतात, पण प्रत्येक मण्याच्या आत घाण जाते आणि ती काढता येत नाही. आमच्याकडचं तसलं खेळणं मी बंद केलं.

दुकानात ही परीक्षा करायची:

१. आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' या ॲपवर टाकला की खरा की खोटा ते कळतं. रस्त्यावरच्या ढिगात असं चिन्ह क्वचितच दिसतं, मग ढीग कितीही स्वस्त असो.

२. घशात अडकेल का ते पाहा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग ३१.७ मिलीमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत मावता कामा नये. आपल्याजवळ ती नळी नसते. टॉयलेट रोल संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी त्याहून थोडी मोठी असते, तिच्यातून जे आरपार जाईल ते नको. मोठ्या मुलांसाठी वेगळी टोपली ठेवू असं पुष्कळांना वाटतं. पण दादाबरोबर धाकटी येतेच आणि दादाचंच तिला हवं असतं. म्हणून सगळ्यात लहान मूल धरून निवडा.

३. चाक, डोळा, झाकण जोर लावून ओढा. दोरी वीतभराहून लांब असेल तर कापा, नाहीतर घेऊच नका.

४. पाण्यात बुडवल्यावर आत पाणी राहील असं भोक, फट, खिळा, स्प्रिंग कुठे आहे ते शोधा. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

हाताने बनवलेल्या खेळण्यांचं काय, असं बडोद्यात हमखास विचारतात. संखेड्याचे पाळणे आणि झोपाळे आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आहेत आणि त्या कामाचा मला अभिमान आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, म्हणजे चिन्ह नाही म्हणून ती वाईट ठरत नाहीत. पण रंग कोणता वापरला हे तुम्हालाच विचारावं लागतं. लाखेच्या वस्तूला स्पिरिट चालत नाही, गरम पाणी चालत नाही, ब्लीचमध्ये भिजवणं चालत नाही. तिला ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसणं तेवढं सोसतं. एका बाळाच्या घरात ते पुरेसं आहे, वीस मुलांच्या दवाखान्यात नाही. लाखेचं खेळणं वर काचेच्या कपाटात ठेवा, मुलं खालून बघून हरखतात.

तीन टोपल्या

खेळणी एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त बाहेर नकोत. तेवढाच दुसरा संच कपाटात हवा, म्हणजे एक धुऊन वाळत असताना दुसरा खेळात असतो. आमच्याकडे तीन टोपल्या आहेत: खेळायची हिरवी, धुवायची लाल, धुऊन वाळलेल्यांची झाकणाची निळी. लाल टोपलीवर मराठीत आणि गुजरातीत लिहिलंय. गुजराती ओळ मुद्दाम साधी ठेवली: "मोंमां नाखेलुं रमकडुं आ टोपलीमां मूको." म्हणजे तोंडात घातलेलं खेळणं या टोपलीत ठेवा. पाटी लावण्याआधी तोंडातलं खेळणं मी हातातून काढून घ्यायचे आणि आया ओशाळायच्या. आता त्या स्वतःच आणून टाकतात. बाळाने चोखलं तर त्यात आईचा काही दोष नाही, हे त्या पाटीने न बोलता सांगितलं.

टोपल्या खोल नकोत. खोल टोपलीच्या तळाशी बिस्किटाचा चुरा साठतो आणि मुंग्या येतात.

धुण्याची रीत

दवाखाना बंद झाला की रोज. मावशी आणि मी मिळून पंचवीस मिनिटांत आटपतो.

आधी साबण. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना दातांचा ब्रश. खाचा घासून काढा. ही पायरी टाळून थेट जंतुनाशकात बुडवणं म्हणजे मेहनत वाया, कारण लाळ आणि मळ ब्लीचचा जोर खाऊन टाकतात. मग स्वच्छ पाण्याने विसळा.

त्यानंतर ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर १ लिटर थंड पाण्यात २० मिली. टक्केवारी वेगळी असेल तर प्रमाणही बदलतं, लेबल वाचा. खेळणी पूर्ण बुडवून १० मिनिटं ठेवायची, घड्याळ लावून. वर तरंगणाऱ्यांवर ताटली पालथी घाला. मग वाहत्या पाण्याखाली दोनदा खळखळून धुवा, वास जाईपर्यंत.

इथे चार गोष्टी जिवाच्या आहेत. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. पाणी रोज नवं बनवा, कालचं वापरू नका. ब्लीच कधीही संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि तो फुफ्फुसांवर जातो. आणि ते सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका, एकदाही नाही. बाटली लहानच विकत घ्या, बडोद्याच्या उन्हाळ्यात ब्लीचची ताकद लवकर उतरते.

मी आधी सॅनिटायझरवरच विसंबले होते. फ्लूसाठी ते चालतं, पण जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस आणि हँड फूट माउथचे (हाता-पायांवर आणि तोंडात फोड आणणारे) विषाणू अल्कोहोलला फारसे दाद देत नाहीत. जुलाबांचाच दुसरा विषाणू रोटाव्हायरस तर कठीण वस्तूवर कित्येक दिवस टिकतो. आणि पाण्यात अँटिसेप्टिकचे चार थेंब टाकून येणारा वास म्हणजे स्वच्छता नव्हे. मावशींना हे पटवायला मला वर्ष लागलं.

वाळवणं ही निम्मी लढाई. वाट्या पालथ्या, ठोकळ्यांची तोंडं खाली, जाळीच्या रॅकवर, पंख्याखाली. मे महिन्यातल्या कडक उन्हात प्लॅस्टिक रोज ठेवलं तर तडकतं आणि तडकलेली कड ओठ कापते, तेव्हा सावलीच बरी. जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभरही वाळत नाही. ओलसर खेळणं निळ्या टोपलीत जाऊ द्यायचं नाही, दुसरा संच असतो तो यासाठीच.

खाली अंथरायला कोड्यासारखे जोडायचे फोमचे तुकडे घेऊ नका. मुलं कोपरे चावतात आणि सांध्यात माती बसते. एकसलग रेक्झिनची चटई घ्या, दिवसातून दोनदा पुसा.

नेहमीपेक्षा वेगळे दिवस

कुणी उलटी केली, कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर बाहेरची सगळी खेळणी लगेच लाल टोपलीत. गोवराचं मूल मुळात बाकावर बसूच नये, त्याला वेगळ्या खोलीत घ्या, कारण तो हवेतून पसरतो आणि कितीही खेळणी धुतली तरी थांबत नाही.

हँड फूट माउथची किंवा जुलाबांची साथ असेल तेव्हा आम्ही टोपली कपाटातच ठेवतो आणि प्रत्येक मुलाला एक कोरा कागद व एक खडू देतो. दोन्ही घरी न्यायचे, परत घ्यायचे नाहीत. कागद कोराच द्या. जुन्या रिपोर्टची पाठ वापरली तर दुसऱ्या कुणाचं नाव आणि आजार त्या चित्रामागे जातो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या एका दवाखान्यातून मला फोन आला की खेळणी वाळवून ठेवलीत, चालतील का. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं. लाकूड, कापड, पुठ्ठा सगळं टाकायला सांगितलं. फक्त एकसंध प्लॅस्टिक साबण आणि ब्लीचने धुऊन राहिलं.

महिन्यातून एकदा

पहिल्या तारखेला प्रत्येक खेळणं हातात घेऊन कडांवरून अंगठा फिरवा. खरवडलेलं, सैल झालेलं, रंग सुटलेलं बाजूला काढा. आणि टाकण्याआधी ते तोडा किंवा कापा. आपल्याकडे टाकलेलं खेळणं कचऱ्यात राहत नाही, ते दुसऱ्या मुलाच्या हातात जातं. त्या लाखेच्या खुळखुळ्याचं असंच होणार होतं. मावशींनी तो नातवासाठी मागितला होता. मी त्यांच्यासमोरच त्याचे दोन तुकडे केले आणि दुसऱ्या दिवशी येताना मंगळ बाजारातून नातवासाठी कड्यांची दांडी घेऊन आले, खाली आयएसआय आहे ना ते बघून.