सफरचंद खाताय ना, मग या चुका टाळा

घरात कोणी आजारी पडलं की भेटायला येणारे सफरचंदं घेऊन येतात आणि मग आपण ती सोलून, ज्यूस काढून पेशंटला देतो, आणि इथेच अर्धा फायदा जातो. सालासकट मध्यम सफरचंदात (साधारण १८० ग्रॅमचं) ९५ कॅलरी आणि चार ग्रॅमच्या वर फायबर असतं. साल काढलं की फायबर जवळपास निम्मं होतं, क्वेरसेटिनसारखी अँटीऑक्सिडंट्स पण जास्त करून सालातच असतात. गाळून ज्यूस केला की फायबर जवळजवळ संपलंच, राहते ती साखर, म्हणून शुगर असलेल्यांनी तर फळ चावूनच खा.

सालावर मेण असतं म्हणून सोलतो असं बरेच जण म्हणतात. सफरचंदाला स्वतःचं नैसर्गिक मेण असतंच, वरून लावतात ते शेलॅक किंवा कार्नौबा खाण्यायोग्य आहे, आपल्याकडे परवानगी आहे त्याला. खरी काळजी फवारणीची, त्यासाठी वाहत्या पाण्याखाली हाताने नीट चोळून धुवा, थोडा वेळ खायच्या सोड्याच्या पाण्यात ठेवलं तर अजून चांगलं.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ही मला खरंच काळजीची वाटते. कापलेली फोड लाल-तपकिरी पडते म्हणजे त्यात भरपूर लोह आहे, असं अजूनही सांगतात. तसं नाहीये हो! कापल्यावर फळातलं एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनसोबत काम करतं, त्याने रंग बदलतो, लोहाचा त्याच्याशी संबंध नाही. १०० ग्रॅम सफरचंदात लोह जेमतेम ०.१ मिलीग्रॅम आणि बाईला दिवसाला २९ मिलीग्रॅम लागतं असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) २०२० चं कोष्टक सांगतं. म्हणजे एचबी (हिमोग्लोबिन) कमी आलं म्हणून रोज महागडी सफरचंदं आणायची आणि डॉक्टरांनी दिलेली आयर्नची गोळी तशीच ठेवायची, हे करू नका प्लीज. गोळी घ्या, अहळीवाचे लाडू, डाळी-उसळी, त्यावर लिंबू पिळा. व्हिटॅमिन सी साठी सुद्धा पेरू कितीतरी पुढे आहे आणि स्वस्त पण.

सफरचंद खाल्लं की गॅस होतो, पोट फुगतं? त्यातलं फ्रुक्टोज (फळातली साखर) आणि सॉर्बिटॉल (साखरेसारखाच गोड घटक) काहींना पचत नाही, अर्धंच खाऊन बघा किंवा वाफवून खा, तरी त्रास झाला तर दुसरं फळ खा, सफरचंदावाचून काही अडत नाही. लहान बाळाला कच्ची फोड हातात देऊ नका, घशात अडकते, वाफवून मऊ कुस्करूनच द्या. आणि ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडिनची गोळी चालू असेल तर ती पाण्यासोबतच घ्या, सफरचंदाच्या ज्यूससोबत घेतली तर औषध कमी शोषलं जातं.

डब्यात फोडी काळ्या पडत असतील तर लिंबाचा रस लावा. फ्रिजमध्ये मेथी-कोथिंबीर लवकर पिवळी पडत असेल तर शेजारी सफरचंदं आहेत का बघा, त्यांच्यातून इथिलीन गॅस निघतो, म्हणून ती वेगळ्या पिशवीत बांधून दुसऱ्या कप्प्यात ठेवा.