शाळेत रॉकेट ‘लाइव्ह’ दाखवताय? मग या चुका टाळा

इस्रोचं उड्डाण जाहीर झालं की शिक्षकांच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला : ‘सर, लिंक पाठवा ना.’ कोणीतरी पाठवतो, तीच लिंक तालुकाभर फिरते आणि निम्मे घोळ तिथेच सुरू होतात.

फॉरवर्ड झालेली लिंक उघडणे

२ सप्टेंबर २०२३, सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१. शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. एका शाळेने मुलांना मुद्दाम थांबवून घेतलं होतं, मलाही बोलावलं होतं. उड्डाण ११:५० चं. प्रोजेक्टरवर इस्रोचा लोगो, कोपऱ्यात लाल ‘लाइव्ह’ आणि ११:४० च्या आतच रॉकेट सुटलं! टाळ्या पडल्या. सातवीतली एक मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, “सर, अजून वेळ आहे ना? आणि हे तर चांद्रयानाचं जाड रॉकेट आहे.” बरोबर होतं तिचं. आदित्य पीएसएलव्ही रॉकेटवर जाणार होतं. पडद्यावर एलव्हीएम-३ होतं, बाजूला दोन जाडजूड बूस्टरवालं. शेजारच्या चॅटमध्ये ‘पैसे दुप्पट करा’ चालू होतं. खरं चॅनल शोधेपर्यंत खरं उड्डाण होऊन गेलं.

व्ह्यूज मिळवायला जुनं रेकॉर्डिंग लाइव्ह म्हणून चालवणाऱ्यांची कमी नाही. मी आदल्या संध्याकाळी स्वतः इस्रोच्या संकेतस्थळावरून त्यांच्या चॅनलवर जातो आणि तो टॅब तसाच उघडा ठेवतो. ग्रुपवरची लिंक कितीही मोठ्या साहेबांनी टाकलेली असो, उघडत नाही.

प्ले दाबून खुर्चीत बसणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरताना यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांवर लोक बघत होते. पण दिसत काय होतं? नियंत्रण कक्ष, अॅनिमेशन आणि आकडे. पाचवीचं पोर त्यावर किती वेळ टिकणार? मग ‘आजच्या मुलांना रसच नाही’ असं म्हणायला आपण मोकळे.

खरा थरार त्या आकड्यांत होता. मी फळ्यावर आधीच दोन रकाने आखतो, उंची आणि वेग. एक मुलगा आकडा वाचतो, दुसरा लिहितो, बाकीचे पुढचा अंदाज सांगतात. विक्रम, म्हणजे चंद्रावर उतरणारं यान, सुमारे ३० किमी उंचीवर सेकंदाला १.६८ किमी वेगाने निघालं. साधारण साडेअकरा मिनिटांत ७.४ किमीवर आलं तेव्हा वेग सेकंदाला ३५८ मीटर उरला होता. ‘ब्रेक कसा लावला? तिथे हवा तर नाही!’ हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर, म्हणजे उलट दिशेने पेटवलेली इंजिनं, लगेच सांगून टाकू नका.

उड्डाण पुढे ढकललं की मुलांना वर्गात पिटाळणे

शुभांशु शुक्ला यांना अवकाश स्थानकावर नेणारं अॅक्सिऑम-४ जून २०२५ मध्ये किती वेळा लांबलं आठवा. हवामान, फाल्कन-९ रॉकेटमधली द्रवरूप ऑक्सिजनची गळती, मग अवकाश स्थानकाच्या ज्वेज्दा भागाची तपासणी. अखेर २५ जूनला उड्डाण झालं. चांद्रयान-२ तर २०१९ मध्ये उड्डाणाला ५६ मिनिटं उरली असताना थांबवलं होतं. कारण शोधायला सांगा. तास सत्कारणी लागतो. उतावळ्या मंडळींनी मात्र आदल्या रात्रीच ‘ऐतिहासिक क्षणाचे साक्षीदार’ असं बॅनर छापून घेतलेलं असतं.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या

परदेशी मोहिमेची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तास मिळवा आणि तारीखही तपासा. नासाचं पर्सिव्हिअरन्स रोव्हर मंगळावर उतरलं १८ फेब्रुवारी २०२१ ला. आपल्याकडे १९ च्या पहाटेचे अडीच वाजत आले होते.

अवकाश स्थानकाचं थेट चित्र काळं पडलं की केबल हलवत बसू नका. ते सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतं, बऱ्याचदा खाली रात्र असते.

चांद्रयान-३ नंतर फिरलेला, चंद्राच्या मातीवर राजमुद्रेचा ठसा उमटल्याचा तो फोटो खोटा होता. शाळेच्या पानावर अजून असेल तर काढा.

स्वतःचा मोबाइल प्रोजेक्टरला जोडताना नोटिफिकेशन बंद. बँकेचा हप्ता थकल्याचा मेसेज अख्ख्या शाळेला वाचायला मिळू नये.

इन्स्टाग्रामला १३ वर्षांची अट आहे, तेव्हा मुलांना खाती उघडायला लावू नका. शाळेच्या एकाच खात्यावरून इस्रोला प्रश्न पाठवा, तोही मुलांनी निवडलेला एकच. चाळीस वेळा ‘ऑल द बेस्ट इस्रो’ वाचायला तिथे कोणाला वेळ नाही. मुलांचे चेहरे असलेली रील टाकायची तर आधी पालकांची संमती घ्या, आणि ती उड्डाण संपल्यावर बनवा.