मिस्टिक फॉल्सच्या भाऊबंदकीची वही कशी ठेवावी

'द व्हॅम्पायर डायरीज' ही मिस्टिक फॉल्स गावातल्या दोन व्हॅम्पायर भावांची, डेमन आणि स्टीफन साल्व्हातोरेंची, आणि दोघांचाही जीव जडलेल्या एलेनाची मालिका. ती लावली की घरातलं कोणीतरी दर दहा मिनिटांनी विचारतं, "हा आता याच्यावर का चिडलाय?" आमच्याकडे ते काम आईचं. उत्तर द्यायचं काम माझ्या भाचीचं. ती अकरावीत आहे, टीम डेमनची आहे, त्यामुळे तिचं प्रत्येक उत्तर डेमनचा वकील असल्यासारखं. मी खरीखुरी वकील आहे, नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करते आणि त्यातली निम्मीअधिक वाटणीची. सख्खे भाऊ एकमेकांशी काय काय करू शकतात हे ऐकण्यावरच माझं पोट आहे. म्हणून या मालिकेची वही मी घातली. ८ सीझन, १७१ भाग. एवढा पसारा नुसता डोक्यात राहत नाही.

आधीच सांगते, खाली सगळं फोडलेलं आहे. पहिल्यांदाच बघणार असाल तर फक्त रकान्यांपुरतं वाचा आणि बाकीचं नंतर.

वही लांब घ्या, फुलस्केप. पानावर पाच रकाने आखा: कोणी केलं, कोणाशी केलं, काय केलं, कोणासाठी केलं, आणि शेवटी कोणाला कधी कळलं. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. बहुतेक जण पहिले तीन भरतात आणि दमतात. त्या तीन रकान्यांतून नुसती खुनांची यादी तयार होते, आणि या मालिकेत खून स्वस्त आहेत. इथला दगा क्वचितच वैरातून होतो. तो 'तुझ्याच भल्यासाठी' होतो आणि म्हणूनच लपवला जातो. भांडण पेटतं ते कृत्याच्या दिवशी नाही, कळण्याच्या दिवशी. आपल्या मुदतीच्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. दस्त रद्द करून मागायचा तर तीन वर्षं मोजायची ती माहिती झाल्यापासून. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून डावललं गेलं तर बारा वर्षं, तीही डावललं हे कळल्यापासून. पक्षकार पहिल्यांदा समोर बसला की मी विचारते, "तुम्हाला हे कधी समजलं, आणि कोणाकडून?" मालिका बघतानाही हाच प्रश्न हाताशी ठेवा.

पहिल्या पानावर मात्र वंशावळ. वाटणीच्या दाव्यात ती नसेल तर पुढचं कोणी वाचत नाही. साल्व्हातोरेंची सोपी आहे: वडील जुझेप्पे, आई लिली, थोरला डेमन, धाकटा स्टीफन. एलेना गिल्बर्टची काढताना दोन ओळी लागतात. वाढवणारे आईबाप ग्रेसन आणि मिरांडा. जन्म देणारी इसोबेल, आणि ज्याला ती काका म्हणते तो जॉन गिल्बर्ट हाच जन्मदाता. तिच्या रक्ताच्या ओळीत पार वर कॅथरिन लिहा, मूळची बल्गेरियाची कॅतरिना पेत्रोव्हा. १४९० साली, लग्नाआधी, तिला मुलगी झाली. ती मुलगी नादिया पाचव्या सीझनमध्ये दारात येते, तेव्हा कॅथरिनच्या नावाखाली आत्ताच रेघ ओढून जागा मोकळी सोडा. मिकेलसनांना, म्हणजे मालिकेतल्या पहिल्यावहिल्या व्हॅम्पायर कुटुंबाला, अख्खं पान द्या. मिकेल आणि एस्थर, त्यांची मुलं फिन, एलायजा, क्लाउस, कोल, रिबेका. क्लाउसच्या नावापुढे खूण करा: तो मिकेलचा नाही, त्याचा बाप लांडगा-माणूस होता. मिकेलसनांच्या पुढच्या सगळ्या नोंदी या एका खुणेवरून निघतात.

आता नोंद कशी करायची, एक करूनच दाखवते. साल्व्हातोरे भावांची मूळ तक्रार घ्या, साल १८६४. कॅथरिन दोघा भावांना एकाच वेळी खेळवतेय. ती व्हॅम्पायर आहे हे दोघांना माहीत आहे, वडिलांना नाही. व्हॅम्पायर सगळेच वाईट नसतील, असं स्टीफन वडिलांकडे बोलून बघतो. वडील समजायचं ते समजतात आणि त्याच्या पेल्यात व्हर्वेन घालतात. ही वनस्पती व्हॅम्पायरला विषासारखी. कॅथरिन स्टीफनचं रक्त पिते, कोसळते, पकडली जाते. तिला सोडवायला गेलेले दोघे भाऊ गोळी लागून मरतात, पण तिचं रक्त अंगात असल्यामुळे मरून राहत नाहीत. स्टीफन वडिलांना भेटायला जातो तेव्हा वडील तोंडावर सांगतात की गोळी मीच झाडली. झटापटीत वडील घायाळ होतात, त्यांच्या रक्ताची चव लागते आणि स्टीफनचं व्हॅम्पायर होणं पुरं होतं. डेमनला मरायचंच असतं. स्टीफन एका मुलीला त्याच्यासमोर आणतो आणि त्याला तिचं रक्त पाजतो. त्यानंतर डेमन भावाला अनंतकाळच्या दुःखाचं वचन देऊन निघून जातो.

कशाबद्दल वचन? इथे पेन खाली ठेवा. बळजबरीने अमर केलं म्हणून, असं आई म्हणाली. कॅथरिन गेली म्हणून, असं भाची. पहिल्या सीझनच्या विसाव्या भागात डेमन स्वतः सांगतो: कॅथरिनने तुलाही रक्त दिलं होतं, ते फक्त मला द्यायचं होतं. एकोणीस भाग आपण ज्याला दाव्याचं कारण समजत होतो ते नुसतं दाव्यात लिहिलेलं कारण. हे मला नवं नाही. द्राक्षांच्या पट्ट्यातल्या दोन भावांचा माझा एक दावा कागदावर वीस गुंठ्यांचा होता. उलटतपासणीत थोरल्याचा आवाज फुटला तो आईच्या पाटल्यांवर. आईने त्या न सांगता धाकट्याच्या बायकोच्या हातात घातल्या होत्या. गुंठ्यांबद्दल तो शेवटपर्यंत शांत होता. तेव्हा 'कोणासाठी' हा रकाना पेन्सिलने भरा आणि पात्राने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यावरच शाईने गिरवा.

याच प्रकरणाची दुसरी नोंद थडग्याची. कॅथरिनसकट पकडलेले सत्तावीस व्हॅम्पायर चर्चखालच्या थडग्यात एमिली बेनेट या चेटकिणीच्या मंत्राने बंद आहेत, अशी डेमनची समजूत. कॅथरिनला बाहेर काढायला तो १४५ वर्षं थांबतो. पहिल्या सीझनच्या चौदाव्या भागात थडगं उघडतं आणि आत ती नसतेच. ती तेव्हाच निसटली होती. अ‍ॅना नावाच्या दुसऱ्या व्हॅम्पायरला हे ठाऊक होतं. तिने कॅथरिनला १९८३ साली शिकागोत पाहिलेलंही होतं. शेवटचा रकाना भरून बघा: कॅथरिनला १८६४ पासून माहीत, अ‍ॅनाला निदान १९८३ पासून, डेमनला आत्ता. त्यानंतरच्या पाच-सहा भागांत तो जे काही वेड्यासारखं वागतो त्याचं वेगळं स्पष्टीकरण लिहावं लागत नाही.

कंपल केलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न येणारच. व्हॅम्पायर डोळ्यांत बघून सांगतो आणि माणूस करतो किंवा विसरतो. नियम साधा ठेवा: कंपल करून घडवलेलं कृत्य करवून घेणाऱ्याच्या खात्यावर. करार कायद्यात मुक्त संमती नसेल तर जे होतं तेच. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात क्लाउस स्टीफनला माणुसकी बंद करायला लावतो आणि तो एलेनाला चावतो, ती नोंद क्लाउसच्या नावावर. भाचीने तिथे स्टीफनचं नाव लिहून ठेवलं होतं, मी खोडलं. पुसलेल्या आठवणींसाठी शेवटच्या रकान्यात दोन तारखा लागतात. डेमन दुसऱ्या सीझनमध्ये एलेनाला प्रेमाची कबुली देतो आणि लगेच ती विसरायला लावतो. ती व्हॅम्पायर झाल्यावर, चौथ्या सीझनच्या सुरुवातीला, तिला ते आठवतं. कळल्याची खरी तारीख ही दुसरी.

घराच्या मालकीची नोंद वेगळ्या पानावर करा. हे कोणी करत नाही आणि मला सगळ्यात मजा इथेच येते. व्हॅम्पायरला माणसाच्या घरात बोलावल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, म्हणजे मालक कोण याला जिवाची किंमत. दुसऱ्या सीझनच्या अठराव्या भागात साल्व्हातोरे भाऊ आपलं राहतं घर एलेनाच्या नावावर करून देतात, कारण ती माणूस आहे. सही होते, आणि घराचे कालपर्यंतचे मालक उंबऱ्याबाहेर उभे. तिने आत या म्हणेपर्यंत आत येता येत नाही. एकाला बोलावताना ती अटही घालते. बक्षीसपत्र केल्यावर बाप दारात उभा राहतो तो प्रकार मी प्रत्यक्ष पाहिलाय. फक्त इथे तो लगेच, डोळ्यांसमोर, हवेत अडून होतो. मालिकेतला माझा सगळ्यात आवडता प्रसंग हा आहे, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही.

मिकेलसनांकडे वळताना वहीचं नवं पान. क्लाउसने स्वतःच्या आईला मारलं आणि हजार वर्षं भावंडांना सांगितलं की बापाने मारलं. जो भाऊ किंवा बहीण त्याला सोडून जाऊ पाहते तिच्या छातीत खंजीर, आणि शवपेटी. मरत नाहीत, झोपतात. खंजीर काढला की उठतात. फिन अशा पेटीत नऊशे वर्षं होता. रिबेका विसाच्या दशकातल्या शिकागोत स्टीफनबरोबर राहायचं म्हणाली, तिला नव्वद वर्षं. मला यात आपल्याकडच्या हक्कसोड पत्रांचा वास येतो. बहीण माहेरी आली, जेवण झालं, ताटं उचलली की कागद पुढे: ताई, इथे सही कर, नाहीतर दादाचं मन दुखेल. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत १९९४ पासून हिस्सा आहे, तरी ही ताटं आजही मांडली जातात. क्लाउसचंही म्हणणं हेच की कुटुंब एकत्र राहावं. पेट्या तो बरोबर घेऊन फिरतो.

एलायजाची नोंद जपून करा, कारण तो सभ्य आहे आणि सभ्य माणसाचा दगा लवकर दिसत नाही. क्लाउसला मारायचं त्याने एलेनाला कबूल केलेलं असतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी क्लाउस हातात सापडतो, अर्धमेला. तेवढ्यात क्लाउस म्हणतो की भावंडांना मी समुद्रात टाकलेलं नाही, मी तुला त्यांच्याकडे नेतो. एलायजा त्याला उचलून घेऊन जातो, वचन मोडतो. पुढच्याच भागात क्लाउस त्याला खंजीर खुपसून पेटीत घालतो. भावंडांकडे नेईन म्हणाला होता, नेलं. शब्दाला जागला म्हणायचं.

या सगळ्या पद्धतीची परीक्षा तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागात होते, तिथे घाईने पुढे जाऊ नका. आईला कोणी मारलं हे रिबेकाला आधीच्या भागात गुहेतल्या चित्रांवरून कळलंय. ती क्लाउसविरुद्ध उभी राहायला तयार आहे. शाळेच्या नाचासाठी ती तयार होत असताना एलेना मागून तिच्या पाठीत खंजीर घालते. ऐनवेळी ही भावाकडे फिरेल, एवढ्या शंकेवर. त्याच रात्री डेमनचं शस्त्र क्लाउसच्या छातीवर असताना स्टीफन डेमनला आडवा करतो आणि क्लाउस वाचतो. डेमनच्या दृष्टीने हा उघड घात. पण कॅथरिनने स्टीफनला तेवढ्यातच सांगितलंय की क्लाउस मेला तर त्याची माणसं डेमनला मारतील. म्हणजे स्टीफनने डेमनसाठीच डेमनशी दगा केला. आईने हा भाग बघून विचारलं, "मग सांगत का नाही मेला?" कारण सांगितलं असतं तर डेमनने ऐकलं नसतं. शेवटच्या रकान्यात स्टीफन आणि कॅथरिनपुढे 'आज' आणि डेमनपुढे 'नंतर' एवढंच लिहा, भांडण जागेवर बसतं.

रिबेकाची परतफेड सीझनच्या शेवटी, पुलावर. ती रस्त्यात उभी राहते, गाडी नदीत जाते, एलेना बुडते. करण्याचं कारण पुन्हा भावंडं: त्यांना मारायला निघालेल्या अ‍ॅलरिकचा, म्हणजे एलेनाच्या शाळेतल्या शिक्षकाचा, जीव एलेनाच्या जिवाशी बांधलेला होता. एलेनाच्या अंगात डेमनचं रक्त होतं म्हणून ती उठते, आणि ते रक्त डॉक्टर मेरेडिथ फेलने तिला न सांगता दिलेलं. ही नोंद बहुतेकांच्या वहीत सुटते. डॉक्टरीणबाईंना त्यासाठी कोणी जाबही विचारत नाही.

चौथ्या सीझनमधला सायर बाँड (ज्याच्या रक्ताने व्हॅम्पायर झालं त्याच्या शब्दात राहणं), पाचव्यातले ट्रॅव्हलर्स (मंत्रतंत्र करणारी एक टोळी) यांच्यावर फार पानं घालवू नका. तिथे मंत्र जास्त, भाऊबंदकी कमी. मात्र सहाव्याच्या शेवटी लिली साल्व्हातोरे येते तेव्हा पुन्हा वही काढा. क्षयाने मेली असं मुलांना सांगितलेली ही आई जिवंत आहे, आणि तिने पोटच्या दोघांपेक्षा जमवलेलं बिऱ्हाड जवळचं मानलंय. वंशावळीत तिच्या खाली दोन शाखा दाखवाव्या लागतील.

आम्ही राहतो आनंदवल्लीला, राघोबादादांचा वाडा होता त्या बाजूला, आणि १७७३ साली पुतण्याचं काय झालं हे इथल्या पोरांना शाळेतच माहीत असतं. त्यामुळे काका-पुतणे, भाऊ-भाऊ यात आईला काही शिकवावं लागलं नाही. तिची अडचण फक्त नावांची. तिच्यासाठी वंशावळीत 'थोरला', 'धाकटा', 'पेटीवाला', 'सुटातला' अशी टोपणनावं लिहिली आहेत, तुम्हीही लिहा. मिकेलसनांची पुढची कथा 'द ओरिजिनल्स'मध्ये, २०१३ पासून, न्यू ऑर्लिन्सला. तिला वेगळी वही लागते. वंशावळीचं पान तेवढं झेरॉक्स करून तिला चिकटवा.