चाळिशीनंतर चरबीचा टक्का ठरवताना

सेहेचाळिसाव्या वर्षी मी वहीच्या पहिल्या पानावर '२२ टक्के' असं ठळक लिहिलं होतं. पंचविशीत मी दिसायचे तशी पुन्हा दिसायचं, एवढाच त्यामागचा विचार. तेव्हा माझी उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६९ किलो, आणि डेक्सा स्कॅनप्रमाणे (क्ष-किरणांनी अंगातली चरबी, स्नायू आणि हाडं मोजणारी तपासणी) चरबी ३८ टक्के होती. तीन महिने मी अर्धपोटी राहिले, रोज तासभर चालले आणि सहा किलो उतरवले. पुन्हा स्कॅन केला तर चरबी ३६ टक्के. सहा किलो गेले आणि टक्का हलला फक्त दोनने. त्या दिवशी मला रडू आलं होतं.

त्या सहा किलोंचं काय झालं, हे कागदावर मांडल्यावर कळलं. ६९ किलोंत २६.२ किलो चरबी होती, ६३ किलोंत २२.७. म्हणजे चरबी गेली साडेतीन किलो. उरलेले अडीच किलो स्नायू आणि पाणी यांचे होते. पुढच्या वर्षभरात वजन ६८ वर परत आलं, आणि चरबी झाली ४० टक्के. काटा सुरुवातीपेक्षा एक किलो कमी दाखवत होता, पण अंगात चरबी एक किलो जास्त होती. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक भागाकार करा. वजनातून चरबीचे किलो वजा केले की उरतात स्नायू, हाडं, अवयव आणि पाणी. माझ्या पहिल्या मापात हे ४२.८ किलो होते. मनातला टक्का शंभरातून वजा करा, जे उरेल ते दशांशात लिहा (७८ म्हणजे ०.७८) आणि त्याने या आकड्याला भागा. २२ टक्के हवे तर ४२.८ भागिले ०.७८, म्हणजे साधारण ५५ किलो. चौदा किलो उतरवायचे आणि त्यात स्नायूंचा एक ग्रॅमही जाऊ द्यायचा नाही! हा हिशोब पहिल्याच दिवशी केला असता, तर वहीत तो आकडा लिहिलाच नसता. ३३ टक्क्यांसाठी उत्तर येतं ६४ किलो. ते मला आवाक्यातलं वाटतं.

मग आकडा कुठून घ्यायचा? निरोगी बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) जुळवून काढलेला एक तक्ता बराच वापरला जातो. त्यात ४० ते ५९ वयाच्या स्त्रियांसाठी २३ ते ३३ टक्के आणि पुरुषांसाठी ११ ते २१ टक्के धरलेत. २० ते ३९ वयासाठी तेच आकडे २१ ते ३२ आणि ८ ते १९ आहेत. म्हणजे वयाची सवलत आहे, पण एक ते तीन टक्क्यांचीच. तुम्ही वरच्या मर्यादेच्या पलीकडे असाल, तर ती मर्यादा हेच तुमचं पहिलं मोठं ध्येय. खालच्या टोकाकडे बघू नका. स्त्रियांना १० ते १३ टक्के आणि पुरुषांना २ ते ५ टक्के चरबी जगायलाच लागते, आणि पोटाचे स्नायू ठसठशीत दिसणारे फोटो त्या रेषेच्या बरेच जवळ असतात.

दुसऱ्याचा आकडा उचलू नका, हे मी कळकळीने सांगते. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. वजनावरून चरबी ओळखता येत नाही, हे मला त्या एका फोटोने पटलं.

घरच्या वजनकाट्यावर दिसणाऱ्या टक्क्याचंही तसंच. काटा तळपायातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतो, आणि वय, उंची, लिंग यांची भर घालून अंदाज बांधतो. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून जात नाही, त्यामुळे अंगात पाणी कमी असेल तर चरबी फुगलेली दिसते. माझ्या काट्याने एकाच दिवशी सकाळी ३८.६ आणि संध्याकाळी ३६.२ दाखवलेत. काटा वापराच, पण रोजच्या आकड्यावर रागलोभ नको. आठवड्यातून तीन वेळा, सकाळी उठल्यावर, पाणी पिण्याआधी मापा आणि महिन्याची सरासरी काढा. डेक्सा करणार असाल तर दर वेळी त्याच मशीनवर करा.

टेप मात्र मी टक्क्याच्याही वर ठेवते. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. माझ्यासाठी ती ७९ सेंटिमीटरच्या खाली यायला हवी, आणि होती ८९. पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते. अवयवांभोवतीची ही चरबीच जास्त घातक. टक्का अडला असताना कंबर उतरत असेल, तर तुमचं काम नीट चाललंय.

आता दुसऱ्या खेपेला मी काय बदललं, ते सांगते. '२२'च्या जागी '३६, मग ३३' असं लिहिलं. एका वेळी तीनचार टक्के, त्याहून जास्त नाही. आठवड्याला पाव ते अर्धा किलो, त्याहून घाई नाही. आणि मुख्य म्हणजे वजनं उचलायला लागले. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास, पहिले दोन महिने शिकवणाऱ्या बाईंच्या देखरेखीखाली. खाण्यातली प्रथिनं वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ग्रॅमपर्यंत नेली (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच).

'या वयात चयापचयच मंदावतं' असं मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. २०२१ साली 'सायन्स'मध्ये सहा हजारांहून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान आणि स्नायूंचा हिशोब धरला, तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. घटतात ते स्नायू आणि हालचाल, आणि या दोन्हींवर आपल्याला काम करता येतं.

वर्षाने माझं वजन ६४.५ होतं आणि चरबी ३५ टक्के. साडेतीनच किलो उतरले, पण चरबी साडेचार किलोंहून जास्त गेली आणि किलोभर स्नायू वाढले. कंबर ८१.

थांबायचं कधी, हेही आधीच लिहून ठेवा. झोप उडते, सतत थंडी वाजते, केस गळतात, उचलायचं वजन आठवड्यागणिक कमी होतं, पाळी चालू असताना अचानक बंद पडते. यातलं काही दिसलं तर महिनाभर पोटभर खा, आकडा बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. थायरॉइडच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर सुरुवातच डॉक्टरांशी बोलून करा, कारण वजन उतरलं की डोस बदलावा लागू शकतो.

माझ्या वहीत आता '३२ ते ३४' असा पट्टा आहे आणि खाली 'कंबर ७९'. नेमका एक आकडा लिहिणं मी सोडलंय. मापातच दीडदोन टक्क्यांची चूक असते, तिथे ३३.० साठी कशाला झुरायचं? पुढचा स्कॅन सहा महिन्यांनी.