डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी: इतिहास आणि रिसर्च मेथड्स एकत्र कसे वाचायचे

डेव्हलपमेंटल सायकॉलॉजीच्या, म्हणजे वयानुसार माणसाचं मन आणि वागणं कसं बदलतं याच्या पुस्तकात सुरुवातीलाच इतिहास येतो आणि त्याला लागून मेथड्स, म्हणजे अभ्यास करायच्या पद्धती. बहुतेक जण काय करतात, इतिहासातली नावं-सालं पाठ करतात, मेथड्सचे फायदे-तोटे पाठ करतात आणि परीक्षा झाली की दोन्ही विसरतात. माझ्या मते हा एकच धडा आहे. प्रत्येक मेथड आधीच्या मेथडने कुणाची तरी गोची केली म्हणून आलीये, आणि ती गोची नेमकी काय होती ते कळलं की तोटे वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

तर एका पानावर तीन रकाने आखा: कोण आणि कधी, काय अडलं होतं, मग काय केलं. लॉक आणि रूसो या दोन तत्त्वज्ञांना एकेका ओळीत आटपा. लॉक म्हणायचा माणूस अनुभवाने घडतो, रूसोने १७६२ मध्ये लिहिलं की मूल स्वतःच्या नैसर्गिक क्रमाने वाढतं, पण नोंदी-मोजमाप असलं काही नाही, त्यामुळे तिसरा रकाना कोराच.

खरी सुरुवात बापांच्या डायऱ्यांपासून. टीडेमानने १७८७ मध्ये स्वतःच्या मुलाच्या नोंदी छापल्या, डार्विनने १८३९ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या पण छापल्या १८७७ मध्ये, आणि प्रायरने १८८२ मध्ये मुलाच्या पहिल्या तीन वर्षांवर अख्खं पुस्तक काढलं. अडचण उघड आहे, एकच मूल आणि बघणारा त्याचाच बाप. मग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली हॉलने प्रश्नावल्या काढल्या, मुलं भरपूर मिळाली पण हातात आली फक्त उत्तरं, वागणं नाही. येल विद्यापीठात गेझेलने घुमटासारख्या खोलीत कॅमेरे लावले, एका बाजूनेच दिसणारी काच वापरली, म्हणजे वागणं तर टिपायचं पण बघणाऱ्यामुळे मूल बिचकायला नको.

स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेवर मात्र वेळ द्या. पॅरिसमध्ये मुलांच्या टेस्ट घेताना त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरं जास्त इंटरेस्टिंग वाटली, कारण एकाच वयाची मुलं साधारण एकसारखं चुकत होती. म्हणून त्याने ठरलेली प्रश्नांची यादी सोडली आणि मुलाच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न विचारायला लागला, हीच ती क्लिनिकल मेथड. आता गोची बघा. मुलासमोर सारख्या संख्येच्या सोंगट्यांच्या दोन ओळी मांडल्या, विचारलं दोन्हीत सारखे आहेत का, ते हो म्हणालं, मग मोठ्या माणसाने एक ओळ पसरून लांब केली आणि परत तोच प्रश्न. मूल म्हणतं आता हिच्यात जास्त आहेत. पण त्याला संख्या कळली नाही, की त्याला वाटलं परत विचारतायत म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असणार? १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ओळ विस्कटायचं काम एका खोडकर टेडीला (खेळण्यातल्या अस्वलाला) दिलं, तो येतो आणि "चुकून" सगळं बिघडवतो, बाकी प्रश्न तोच. बरोबर उत्तर देणारी मुलं बरीच वाढली. हा प्रयोग नीट समजून घ्या कारण पुढे कुठेही "अमुक वयाच्या मुलांना हे येत नाही" असं वाचलंत की पहिला प्रश्न हाच, येत नाही की विचारलं तसं येत नाही?

बरं, ज्यांना बोलताच येत नाही त्यांचं काय? तिथे नजर मोजतात. फँट्झने १९५०-६० च्या दशकांत बाळांना दोन चित्रं शेजारी-शेजारी दाखवून कुठल्याकडे जास्त वेळ बघतात ते नोंदवलं. त्याच्या पुढची आयडिया हॅबिच्युएशन: एकच गोष्ट परत परत दाखवा, बाळ कंटाळून बघायचं कमी करेल, मग नवीन दाखवा, परत टक लावून बघितलं तर त्याला फरक कळलाय. साधी आणि भारी. फक्त मर्यादा लिहायला विसरू नका, फरक कळला एवढंच सिद्ध होतं, बाळाच्या मनात काय चाललंय ते नाही. "आश्चर्य वाटलं", "समजलं" हे आपण वरून लावतो, आणि यावर संशोधकांमध्येही जोरदार वाद आहेत.

आता वयाचा प्रश्न, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. समजा २०२० मध्ये वीस आणि सत्तर वर्षांच्या लोकांची टेस्ट घेतली आणि सत्तरवाले मागे पडले. हा क्रॉस-सेक्शनल अभ्यास, पटकन होतो. पण सत्तरवाले १९५० चे, त्यांचं शिक्षण, खाणंपिणं, आजारपणं सगळंच वेगळं होतं, मग फरक वयाचा की पिढीचा? याला कोहॉर्ट इफेक्ट म्हणतात. त्याच लोकांना वर्षानुवर्षं परत तपासलं तर लॉन्जिट्यूडिनल, पण त्यात लोक गळतात आणि त्याच टेस्टची सवयही होते. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन अभ्यासात १९७२-७३ मध्ये जन्मलेली १,०३७ मुलं घेतली आणि चाळिशी उलटल्यावरही हयात असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक टिकवले, हे फारच क्वचित जमतं. शायेने १९५६ मध्ये सिएटलमध्ये दोन्हींची सांगड घातली, दर सात वर्षांनी जुने लोक परत तपासायचे आणि शिवाय नवा गट घ्यायचा, याला सिक्वेन्शियल म्हणतात. त्यातून दिसलं की क्रॉस-सेक्शनल आकड्यांत बुद्धी जितकी लवकर घसरताना दिसते तितकी खरं तर घसरत नाही.

छोटा प्रोजेक्ट करायचा असेल तर निरीक्षण घ्या, पण आधी व्याख्या पक्की करा. "मुलं भांडतात का" असं चालणार नाही. "दुसऱ्याच्या हातातली वस्तू ओढली, ढकललं किंवा मारलं" असं लिहा, म्हणजे कुणीही बघितलं तरी तेच मोजेल. मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यात झालं की नाही एवढीच खूण करा. दोघांनी एकमेकांचा कागद न बघता नोंदवायचं. ४० पैकी ३४ तुकड्यांत जुळलं तर ८५ टक्के, पण लगेच खूश होऊ नका. ४० पैकी दोनच तुकड्यांत भांडण झालं असेल आणि एकाने डोळे मिटून सगळीकडे "नाही" लिहिलं तरी बरोबर नोंदी करणाऱ्याशी त्याचं ९५ टक्के जुळेल! म्हणून कोहेनचा कप्पा (kappa) नावाचा आकडा काढतात, तो नशिबाने जुळलेलं वजा करतो, आणि या केसमध्ये तो सरळ शून्य येतो.

पालकांची लेखी परवानगी आधी घ्यायची, आणि मुलालाही त्याला कळेल अशा भाषेत विचारायचं. पालक हो म्हणाले पण मूल उठून गेलं तर जाऊ द्यायचं, चॉकलेटचं आमिष नाही, "थोडंच राहिलंय" नाही. फक्त किती जण आणि कुठल्या टप्प्यावर उठले ते रिपोर्टमध्ये लिहा, कारण शेवटपर्यंत बसणारी मुलं बहुतेक वेळा जास्त शांत स्वभावाची असतात आणि मग तुमचे आकडे सगळ्या मुलांचे नसून त्या शांत मुलांचे असतात. बाळांच्या अभ्यासातही हेच होतं, रडायला लागलेली बाळं मोजणीतून बाहेर जातात, म्हणून कुठलाही पेपर वाचताना निष्कर्षाच्या आधी किती बाळं वगळली ती ओळ शोधा.