ओल्या भिंतीवर पुट्टी नको: वृद्धाश्रमाच्या डागडुजीत या चुका टाळा

वृद्धाश्रमांच्या डागडुजीची कामे मी अनेक वर्षे करतो आहे आणि सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक एकच आहे: ओल आलेल्या भिंतीचे पोपडे खरवडायचे, लगेच पुट्टी भरायची, रंगाचे दोन हात द्यायचे आणि खोली ताब्यात देऊन मोकळे व्हायचे.

पुणे जिल्ह्यातल्या एका आश्रमात पलंगाच्या उशाकडची भिंत दोन वर्षांत तीनदा अशी रंगवली गेली होती. मी गेलो तेव्हा आजींच्या चादरीवर पांढरी भुकटी पडलेली होती आणि ती झटकूनच त्या रोज उठत असत. विटेतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात, पाणी वाळले की त्यांचे स्फटिक बनतात आणि रंगाला आतून ढकलून सोडवतात. त्यामुळे वरून कितीही महाग रंग दिला तरी तो टिकत नाही. भिंतीमागे न्हाणीघर होते. तिथली पाणी जाण्याची जाळी चिंधीने घट्ट बंद करून 2 इंच पाणी साठवले, तर 24 तासांत पातळी बोटभर उतरली. डाग जावेत म्हणून दर आठवड्याला ओतल्या जाणाऱ्या अ‍ॅसिडने लाद्यांच्या सांध्यांतले सिमेंट खाऊन टाकले होते.

सांधे कोरून, पूर्ण सुकवून त्यांत इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा राळेचा मसाला, भरले. ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंतचे प्लास्टर विटेपर्यंत काढले, नवे केले, त्यावर 7 दिवस पाणी मारले आणि मग महिनाभर भिंतीला हात लावला नाही. देणगीदार भेटीला येणार असल्याने व्यवस्थापकांना घाई होती, पण मी ऐकले नाही. भिंत वाळली असे वाटले तरी मी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवतो. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर पुट्टीचा डबा उघडत नाही. नव्या कारागिरांना हे थांबणे म्हणजे वाया गेलेला रोज वाटतो, परंतु त्या भुकटीत श्वास घेत झोपणारे माणूस ऐंशीच्या घरातले असते.

अ‍ॅसिड तर मी आश्रमाच्या आवारातच ठेवू देत नाही. मोझॅकमधल्या संगमरवरी चिपाही ते खाते, फरशी खरबरीत होऊन अधिकच मळते, आणि चुकून ब्लीचिंग पावडरबरोबर मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. साबणाचे पाणी आणि ताठ ब्रश रोज वापरला तर त्याची गरज पडत नाही.

आधाराची दांडी पोकळ वाजणाऱ्या लादीवर कधीही बसवू नये. माणसे खोलीत असताना ऑइलपेंट लावू नये. स्लॅबचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसली, तर खालचा पलंग त्याच दिवशी हलवावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. तिथे पुट्टी भरणे हा मी गुन्हाच मानतो.

फुटलेली लादी बदलताना चकचकीत लादी घेऊ नये आणि तिची कड शेजारच्या लादीपेक्षा जरासुद्धा वर राहू देऊ नये, कारण पाय घासत चालणाऱ्याला तेवढी कडही अडते. लेव्हल बघून झाली तरी मी आश्रमातलाच एखादा वॉकर घेतो, चप्पल काढतो आणि त्या जागेवरून पाय न उचलता चारही दिशांनी जातो. कुठे अडले तर लादी पुन्हा काढतो.