मानसिक आजार असलेल्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम कसा आखावा

स्किझोफ्रेनिया, बायपोलर डिसऑर्डर किंवा तीव्र नैराश्य असलेल्यांचे शिक्षण अनेकदा आजाराने उचल खाल्ल्यावर पडलेल्या खंडामुळे सुटते. त्यात बुद्धीचा दोष नसतो. म्हणून आखणीच्या आरंभीच हे ठरवावे, की दोन महिने न आलेला विद्यार्थी कोणालाही कारण न सांगता पुन्हा कुठून सुरुवात करील.

समजा, टॅली ही हिशेब ठेवण्याची संगणक प्रणाली शिकवायची आहे. प्रत्येक पाठ दहा-पंधरा मिनिटांचा आणि स्वतंत्रपणे समजेल असा ठेवावा, त्याच्या सुरुवातीला मागच्या पाठाची चार वाक्यांत उजळणी द्यावी आणि सगळे पाठ ध्वनिमुद्रित असावेत. हजेरीला गुण देऊ नयेत. परत आलेल्याला चुकलेल्या गृहपाठांची यादी दाखवू नये, पुढचे एकच काम दाखवावे. माझ्या मते संपूर्ण आखणीत याहून मोलाचे काही नाही.

स्किझोफ्रेनियात लक्ष टिकवणे, नुकतीच ऐकलेली सूचना ध्यानात धरणे आणि विचारांचा वेग यांवर परिणाम होऊ शकतो, तर काही औषधांनी सुस्ती येते, हात थरथरतात किंवा अक्षरे धूसर दिसतात. त्यामुळे एका पडद्यावर एकच सूचना, मोठा टंक, मोठी बटणे आणि व्हिडिओसोबत लिखित मजकूर आवश्यक आहे. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी अनेकदा उतरलेली नसते, म्हणून थेट तास दुपारी घ्यावेत आणि कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे आणि परीक्षेत जादा वेळ देण्यासारख्या बदलांची तरतूदही आहे; तेव्हा अशी सवलत मेहेरबानी म्हणून देऊ नये.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने आजार आणि उपचार यांच्या माहितीबाबत गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि अभ्यासक्रम चालवणाऱ्यांनीही तोच दंडक पाळावा. व्हॉट्सॲप गटात सर्वांना एकमेकांचे नंबर दिसतात, हे प्रवेशापूर्वीच सांगून दुसरा पर्याय द्यावा. प्रमाणपत्रावर आजाराचा उल्लेख नसावा. शुभंकरांना, म्हणजे काळजीवाहू कुटुंबीयांना, प्रगतीची माहिती द्यायची असेल तर शुभार्थीची, म्हणजे आजार असलेल्या विद्यार्थ्याची, संमती घ्यावी, मग आग्रह आईवडिलांचा का असेना.

शिक्षकाने समुपदेशक होऊ नये. मात्र कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तर ते गांभीर्याने ऐकून घेणे, त्या व्यक्तीला एकटे न सोडणे आणि प्रवेशाच्या वेळी तिनेच सुचवलेल्या माणसाला कळवणे एवढे त्याला आलेच पाहिजे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक प्रत्येक पाठाखाली छापावा.

अभ्यासक्रम खुला करण्यापूर्वी काही शुभार्थींकडून तो तपासून घ्यावा आणि त्यांना मानधन द्यावे. पुढे मूल्यमापन करताना किती जणांनी तो पूर्ण केला याच्या शेजारी, खंडानंतर किती जण परतले आणि जे परतले नाहीत ते नेमके कोणत्या पाठावर थांबले, याचीही नोंद ठेवावी. ज्या पाठावर पुष्कळ जण थांबलेले दिसतील, तो आधी नव्याने लिहावा.